कोणाचं नाव घालू?

बंदरात त्याला सगळे ‘वरचा’ म्हणत. मोठ्या क्रेनच्या टोकाला असलेल्या काचेच्या केबिनमध्ये बसून त्यानं उभी हयात जहाजांवर माल चढवला आणि उतरवला. ‘वरच्याच्या मनात असलं तर आज लवकर सुटू,’ असं खालचे हमाल म्हणायचे आणि हसायचे. वर ते हसणं पोचत नसे. डबाही तो वरच खायचा, कारण एकदा उतरलं की पुन्हा चढायला जिवावर यायचं. लग्न राहूनच गेलं. बहीण होती, ती गेली. तिचा मुलगा दूरच्या शहरात नोकरीला. निवृत्त झाल्यावर घरात दिवस ढकलणं त्याला फारसं जड गेलं नाही. एकटं राहायची सवय नोकरीनंच लावून ठेवली होती.

मग सकाळी शर्टाची बटणं लावताना बोटं ऐकेनाशी झाली. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, की आधी हात जातील, मग चालणं, मग बोलणं आणि गिळणं. औषधानं वेग कमी होईल, एवढंच. घरी कोण कोण असतं, असं त्यांनी विचारलं, आणि उत्तर ऐकून एका वकीलबाईंचा पत्ता दिला.

वकीलबाईंचं ऑफिस चपलांच्या दुकानावर होतं. बाई वयानं लहान, पण बोलायला स्पष्ट. घर भाड्यानं द्यायचं, भाडं आणि पेन्शन मिळून शुश्रूषागृहाचा खर्च भागवायचा, पैसे बँकेनं परस्पर भरायचे आणि मागे घर भाच्याला, हे सगळं एका बैठकीत उरकलं. दुसऱ्याच कुणाचं सामान हलवायचं असावं, तसा तो हो हो म्हणत गेला. मग बाईंनी पान उलटलं.

“तुम्हाला बोलता येईनासं झालं, तर तुमच्या वतीनं डॉक्टरांना हो किंवा नाही कोण सांगणार? कोणाचं नाव घालू?”

ही जागा रिकामी ठेवली तर चालेल का, असं त्यानं विचारलं. चालेल, बाई म्हणाल्या, पण मग त्या दिवशी ड्यूटीवर जो असेल तो ठरवेल. त्यानं मुदत मागून घेतली.

भाच्याला फोन केला. माझं नाव घाल ना मामा, त्यात काय एवढं, असं तो लगेच म्हणाला. मग मामानं विचारलं, मला गिळता येईनासं झालं तर नाकातून नळी घालू नका, असं तू त्यांना सांगशील का? असलं अभद्र बोलू नकोस, भाचा म्हणाला, आपण सगळं करू, कशाला कमी पडू देणार नाही. पोरगं मायेनं बोलत होतं, आणि म्हणूनच मामाला कळून चुकलं. याला ‘नाही’ म्हणता येणारच नाही.

संध्याकाळी चहा घेऊन बसला आणि कोणाला विचारावं ते मनाशी आठवू लागला. समोरच्या दाराचे गृहस्थ भले होते, पण ओळख लिफ्टपुरती. युनियनचे सेक्रेटरी वारले होते. चहा निवायच्या आत त्याची सगळी माणसं संपली. मग त्याला झेंडेवाला आठवला.

झेंडेवाला म्हणजे खाली उभा राहून क्रेनला खुणा करणारा. जहाजाच्या पोटात काय चाललंय ते वरून दिसत नाही. तिथे याचा हात आणि वॉकीटॉकीवरचा आवाज, एवढाच आधार. ‘घे, सोड, थांब.’ वर्षानुवर्षं दोघांत एवढंच बोलणं. एकदा वारा सुटला असताना जहाज अडलंय म्हणून साहेब घाई करत होता. झेंडेवाल्यानं हात वर केला तो खाली घेतलाच नाही. साहेबानं शिव्या घातल्या, पगार कापायची धमकी दिली. हा आपला ढिम्म. वारा पडल्यावरच त्यानं ‘घे’ म्हटलं.

युनियनच्या ऑफिसातून पत्ता मिळाला. दार उघडलं तेव्हा दोघंही एकमेकांना ओळखेनात. वरच्याला इतकी वर्षं फक्त हेल्मेट आणि खांदे दिसले होते. तसं बोलूनही दाखवलं त्यानं, की वरून पाहिलं असतं तर चटकन ओळखलं असतं. झेंडेवाल्याला ते ऐकू गेलं नाही. भोंग्यांनी त्याचे कान गेले होते. त्यामुळे जे हळू आवाजात सांगायचं म्हणून वाटेत जुळवलं होतं, ते ओरडून सांगावं लागलं. आजार, शुश्रूषागृह, नळी, कागदावर घालायचं नाव, सगळं. जिन्यातली माणसं थबकून ऐकत होती. झेंडेवाल्याच्या बायकोनं चहा दिला, पण तिच्या कपाळावरची आठी काही गेली नाही. कोण कुठला माणूस, आणि उद्या त्याच्या नातेवाइकांनी आपल्यावर आळ घेतला तर, असं तिनं नवऱ्याला आतल्या खोलीत बोलावून म्हटलं. तेही मोठ्यानंच म्हणावं लागलं. झेंडेवाला त्या दिवशी हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही.

काही दिवसांनी तो आपण होऊन आला. वरच्याच्या घरी दुसरी खुर्ची होती, पण तिच्यावर इस्त्रीचे कपडे रचलेले. ते हलवून पाहुण्याला बसवलं.

“पैशाला मी हात लावणार नाही,” झेंडेवाला म्हणाला.

“नाहीच लावायचा. बँक बघेल,” वरचा ओरडून म्हणाला.

“आणि मला अंदाजानं काम करता येत नाही. काय हवं, काय नको, ते आत्ता सांग. कुठवर भरवायचं?”

वॉकीटॉकीवर कायम ‘तू’ होतं, भेट झाली त्या दिवशी दोघांनी ‘तुम्ही’ धरलं होतं. आता ते आपसूक सुटलं.

“चमच्यानं जाईल तोवर,” वरचा म्हणाला. “मग नको.”

“भूक लागली तर?”

हे त्यानं स्वतःलाही विचारलं नव्हतं. वरचा म्हणाला, “ओठ ओले करायचे. आणि कोणीतरी जवळ बसायचं.”

“बसेन,” झेंडेवाला म्हणाला.

सह्या झाल्या. भाचा दुखावला, काही महिने फोन केला नाही. बोटांनी चमचा सोडला तेव्हा वरचा शुश्रूषागृहात राहायला गेला. खिडकीतून मागच्या भिंतीखेरीज काही दिसत नव्हतं. झेंडेवाला दर रविवारी दोन बस बदलून यायचा. एकाला ऐकू येईना आणि दुसऱ्याला नीट बोलता येईना, त्यामुळे गप्पा अशा नव्हत्याच. दोघं बसून राहायचे. आठवड्याचे बाकीचे दिवस वरचा भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो, असं परिचारिका सांगायची.

पुढे आवाज गेला, मग घास उतरेना. डॉक्टरांनी नळीचं विचारलं. भाचा मिळेल त्या गाडीनं आला, मामाच्या अंगाची हाडं पाहून कळवळला आणि कॉरिडॉरमध्ये झेंडेवाल्यावर उखडला.

“तुम्ही कोण त्यांचे?”

“कोणी नाही,” झेंडेवाला म्हणाला. “तुला मामाची माया आहे. तुझ्याच्यानं हे झालं नसतं, म्हणून त्यानं मला सांगितलं.”

भाचा भिंतीला टेकून रडला. झेंडेवाल्यानं डॉक्टरांना ‘नाही’ सांगितलं, आणि त्यानंतर रविवारची वाट न पाहता रोज येऊ लागला. जाईल तेवढं चमच्यानं भरवायचा, जाईना तेव्हा ओल्या कापसानं ओठ टिपायचा. शेवटच्या संध्याकाळी वरच्यानं डोळे उघडून बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत काहीतरी होतं. ‘पुरे’ म्हणत होता, की ‘थोडं अजून’, हे झेंडेवाल्याला कळलं नाही. ठरल्याप्रमाणे तो बसून राहिला.

नंतर भाच्यानं त्याचे हात धरले, तुम्ही बरोबर केलंत म्हणाला. वकीलबाईंनीही तेच सांगितलं. त्या नजरेबद्दल झेंडेवाल्यानं कुणालाच सांगितलं नाही. बायकोला सांगायला ओरडायचीही गरज नव्हती, ऐकू त्याला येत नव्हतं, तिला येत होतं. पण जीभ रेटली नाही.

पुढच्या रविवारी तो सवयीनं कपडे करून, बूट घालून बाहेरच्या खोलीत बसला. कुठे निघालात, असं बायकोनं खांद्याला हात लावून विचारलं. कुठे नाही, तो म्हणाला. तिनं बूट काढायला सांगितलं नाही. जेवणवेळ होईपर्यंत तो तसाच बसून होता.