पुंगळी बाहेर पडेना

मित्रांनो, मी एक जुनी रायफल आहे. टू-टू, म्हणजे पॉइंट बावीसची छोटी. बंदुकांच्या घरातलं शेंडेफळच म्हणा. मोठ्या बंदुका हरणांमागे जातात, मी सशांमागे. आत्ता मी लोखंडी कपाटात उभी आहे. कुलूप बाहेरून, अंधार आतून. नुसतं उभं राहणं मला जमत नाही हो. माझा स्वभावच चुळबुळ्या, कारण मी सेमी-ऑटोमॅटिक.

म्हणजे काय, ते सांगते. चाप ओढला की गोळी जाते. त्याच धक्क्याने माझा बोल्ट मागे पळतो, जाता जाता रिकामी पुंगळी ओढून बाहेर भिरकावतो, आणि परत येताना नवीन काडतूस आत सारतो. पापणी लवायच्या आत सगळं. पुंगळी ओढायला बोल्टला एक वाकडी नखी असते, मांजरीच्या नखाएवढी. सगळा कारभार त्या नखीवर.

मी कारखान्यात जन्मले. नळी पोलादाची, दस्ता अक्रोडाचा. जहाजातून किवी पक्ष्यांच्या देशात, टौरंगा बंदरात उतरले, दुकानाच्या काचेत बसले, आणि एक दिवस रॉस आला. तेव्हा तो तरणाबांड होता, किवीफ्रूटची बाग नुकतीच लावलेली. त्याने मला खांद्याला लावून बघितलं आणि म्हणाला, "ही चालेल." एवढंच. पण त्या 'चालेल'वर मी वर्षानुवर्षं चालले. ससे, झाडांचा पाला फस्त करणारे पॉसम, कुंपणावरचे डबे. शेजारी विचारायचे, "रॉस, कुठून आणलीस रे?" मला बरं वाटायचं.

मग रॉसची बोटं आखडली. चाप ओढताना तोंड वाकडं व्हायला लागलं. मी कपाटात गेले ते गेलेच. रोज बाहेरून ट्रॅक्टर ऐकायचा आणि उभं राहायचं. वाट बघण्यासारखं वाईट काम नाही, मित्रांनो. गंज बाहेरून लागतो असं वाटतं तुम्हाला? आधी तो मनाला लागतो.

तिथून मला संग्रामने काढलं.

संग्राम मिरजेचा. शिकायला हॅमिल्टनला आला, मग इकडे फळं खोक्यांत भरायच्या पॅकहाउसमध्ये लागला, मग रॉसच्या बागेत. मिरजेला त्याच्या वडिलांचं मोटर रिवाइंडिंगचं वर्कशॉप होतं, त्यामुळे हात यंत्रात बसलेला. त्याने लायसन्स काढलं, पोलीस घरी येऊन कपाट बघून गेले, आणि मी रीतसर त्याच्या नावावर झाले. रॉस म्हणाला, "गंजण्यापेक्षा तुझ्याकडे बरी."

गेल्या वर्षी रॉसने त्याला नवीन ब्लॉक, म्हणजे बागेचा एक तुकडा, सांभाळायला दिला. सगळी कोवळी रोपं. बागेत इतकी वर्षं घालवल्यावर पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं होतं, हा तुझा. संग्राम सकाळी जँडल्स, म्हणजे घरातल्या सपाता, घालूनच रोपं बघायला पळायचा, बूट घालायलाही थांबायचा नाही. आणि ससे काय करतात, तर रोपाची साल गोल कुरतडतात. साल गेली की रोप गेलं. खोटं कशाला बोलू, ससा पडला की मला अभिमान वगैरे वाटत नाही. ससाही गोडच असतो. पण सकाळी वाळलेल्या रोपापाशी उकिडवा बसलेला संग्राम मी बघितलाय.

ऑक्टोबर लागला, म्हणजे इकडचा वसंत, सशांचे दिवस आले, आणि संग्रामची आई मिरजेहून आली. कलावतीबाई. सोबत मेतकूट, लोणचं आणि हळदी-कुंकवाचा डबा. सगळं विमानतळावर दाखवून, विचारून आणलेलं, त्याचा त्यांना भारी अभिमान.

दुसऱ्या आठवड्यात सकाळीच म्हणाल्या, "संग्या, आज खंडेनवमी. अवजारं काढ."

"कसली अवजारं, आई? इथे काय वर्कशॉप आहे?"

"कात्री आहे ना, झाडं छाटायची? ड्रिल आहे. गाडी आहे. आणि ती कपाटातली कुठाय? तुझे बाबा साधी पक्कडसुद्धा सोडायचे नाहीत पूजेतनं."

संग्रामने मला काढलं. मॅगझिन, म्हणजे काडतुसांची पेटी, बाजूला, काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात, आणि बोल्ट मागे ओढून अडकवलेला. पक्का नियम आहे तो. आत काही नाही, हे बघणाऱ्याला दिसलं पाहिजे. मला टेबलावर आडवं ठेवलं, पोट उघडं, तोंड रिकाम्या भिंतीकडे. तो शेजारून हलला नाही.

आईंनी मला हळद लावली. कुंकू लावलं. झेंडू कुठून मिळणार, म्हणून अंगणातल्या कोवाईच्या झाडाची पिवळी फुलं वाहिली. आणि वरून अक्षता टाकल्या. "सांभाळ गं माझ्या पोराला," म्हणाल्या.

इतक्या वर्षांत मला कुणी नमस्कार केला नव्हता. मी लाजले.

पूजेची अवजारं त्या दिवशी वापरायची नसतात. संग्रामने मला तसंच कपाटात ठेवलं. दसऱ्याला काढलं, वरून पुसलं, ऑइलचा स्प्रे मारला. झालं, चमकले मी.

आणि संध्याकाळी ब्लॉकवर पहिलीच गोळी झाडली, तर पुंगळी दारातच उभी! धड आत नाही, धड बाहेर नाही, बोल्टने मधेच चिमटलेली. ससा गेला पळून. संग्रामने ती काढली, पुन्हा झाडलं, पुन्हा तेच. मला आतल्या आत नुसतं काहीतरी टोचत होतं. सांगू कुणाला? मला तोंड एकाच कामाला दिलंय.

रॉस कुंपणाशी उभा होता. त्याने सगळं बघितलं.

"मेट, अडकणारी बंदूक माझ्या बागेत नको. आज पुंगळी अडकली, उद्या काडतूस अडकेल, आणि तू घाईत काहीतरी करशील."

"मी करतो नीट."

"रविवारी बघतो. नाही झाली तर कंट्रॅक्टर येऊन सशांना विष टाकेल, ब्लॉक मी दुसऱ्याकडे देतो. आणि हिला पोलिसांकडे जमा कर. कापून टाकतात ते."

कापून! मित्रांनो, त्या क्षणापासून माझी स्प्रिंग नुसती थरथरत होती.

रात्री संग्रामने ताट बाजूला सरकवलं. आई म्हणाल्या, "काय झालं?" तर "काही नाही." दुसऱ्या दिवशी कामावरून आला आणि मला घेऊन बसला. आधी त्याला वाटलं, काडतुसं दोषी. आवाज कमी म्हणून तो हळू जाणारी काडतुसं वापरायचा. त्यांचा धक्काच कमी, कदाचित बोल्ट पुरता मागे जात नसेल. सरावाच्या रेंजवर जाऊन जोरदार काडतुसं लावून बघितली. दोन पुंगळ्या छान उडाल्या, तिसरी अडकली. मग मॅगझिन बदललं. तेच. मग नळीचं मागचं तोंड घासलं, जिथे काडतूस बसतं ते. पुंगळी तिथे चिकटत असेल म्हणून. खूप काजळी निघाली, पण अडकायची ती अडकलीच. संग्राम एका वेळी एकच गोष्ट बदलत होता. बाबांनी शिकवलं होतं तसं. नाहीतर दुरुस्त झालं तरी कशानं झालं ते कळत नाही.

पण शनिवार उजाडला आणि त्याचा धीर सुटला. "नको वाटतंय आता," असं पुटपुटला. माझ्याकडे बघून की आरशात बघून, कोण जाणे.

शेवटी त्याने बोल्टच बाहेर काढला. किचनच्या टेबलावर पांढरं फडकं. आई समोर मेथी निवडत बसलेल्या. त्याने नखी दाबून बघितली. ती पुरती मिटेना. कापूर डबीत असतो तसं तिच्या मागच्या खोबणीत काहीतरी घट्ट बसलेलं. त्याने टूथपिक घातली. लालसर लगदा आला.

"गंज चढला आतून. संपलं, आई."

आईंनी चष्मा लावला. फडकं जवळ ओढलं. बोटाने लगदा चोळला. वास घेतला.

"अरे गंज कुठला! हे कुंकू आहे."

पुन्हा टूथपिक. आणि टचकन बाहेर आला अक्षतेचा अर्धा दाणा. पिवळा, तेलात भिजून टम्म झालेला. वरून मारलेल्या ऑइलने सगळी पूजा वाहून नखीच्या मागे नेऊन बसवली होती. नखी पुंगळीची कड धरणार कशी? तिच्या बुडाशी भात!

आईंनी दाणा तळहातावर घेतला. मग आईंचा आवाज बारीक झाला. "म्हणजे माझ्यामुळे."

"तू कुठे गं. मीच उघडी ठेवली होती."

"मी आशीर्वाद मागितला, आणि तुझाच ब्लॉक..."

"आई, मेथी करपेल."

"अजून चुलीवर कुठाय ती, गाढवा!" असं म्हणत त्या रडता रडता हसल्या. मग दोघांनी मिळून मला धुतलं. म्हणजे धुतलं त्याने, हातात फडकी देत बसल्या त्या.

रविवारी रॉस आला, हाताची घडी घालून. लांब मातीच्या उंचवट्यापुढे कागद लावलेला. आई मागे उभ्या, कानांवर आवाज अडवणारे मोठे मफ, अंगावर शाल. मी म्हटलं, नखीबाई, आता सगळं तुझ्यावर आहे.

पहिली उडाली. दुसरी. तिसरी. संग्रामचा गाल माझ्या दस्त्याला घट्ट टेकलेला. चौथी, पाचवी... सगळं मॅगझिन रिकामं झालं, आणि एकही अडकली नाही. शेवटची पुंगळी तर अशी उडाली की थेट आईंच्या शालीत जाऊन पडली.

"काय होतं?" रॉसने विचारलं.

संग्राम घुटमळला. "थोडी घाण होती..."

आई पुढे आल्या. मफ काढले. छाती पुढे काढून म्हणाल्या, "माय राइस. आय पुट. फॉर पूजा."

रॉस बघतच राहिला. मग इतका हसला की त्याला कुंपण धरावं लागलं. "माझ्या बायकोने हिला एकदा फर्निचरचं पॉलिश लावलं होतं," तो म्हणाला. "आतपर्यंत. अख्खा सीझन गेला. पण चमकली मात्र खूप." मग त्याने माझ्या दस्त्यावरून हात फिरवला. रॉसची बायको आता नाही. "ब्लॉक तुझाच आहे. स्वीट ऍज, एकदम झकास."

आई मिरजेला गेल्या. ती पुंगळी त्यांच्या देव्हाऱ्यात आहे म्हणे, घंटेशेजारी.

मित्रांनो, माझ्यासारखीला तुम्ही कधी हात लावू नका. मोठ्या माणसाने कुलूप काढल्याशिवाय नाहीच नाही. पण तुमच्या घरी सायकल असेल, मिक्सर असेल, आजोबांचं घड्याळ असेल. त्यांना नमस्कार जरूर करा. पण कधीतरी उघडूनही बघा. वरून पुसलं की सगळंच चमकतं. टोचतं ते आत, आणि आम्हाला सांगता येत नाही.

आज पुन्हा खंडेनवमी आहे. बाहेर संग्रामचा फोन चालू आहे, आणि त्यातून आईंचा आवाज:

"कपाट उघडू नकोस हां! दाराला लाव कुंकू. आणि अक्षता खालीच टाक. खाली!"

दारावर बोट टेकल्याचा आवाज आला. मला दिसत नाही काही. पण मी बरोबर त्या बोटाच्या मागे उभी आहे, आतून स्वच्छ. आणि मित्रांनो, आज पहिल्यांदाच माझी चुळबूळ थांबली आहे.