निळी पडलेली टोपी

कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरशेजारी, उजव्या अंगाला, मसुराच्या दाण्याएवढे एक दातेरी चाक असते. पाहणाऱ्याच्या डोळ्याला जितका नंबर असेल तितके ते फिरवायचे, म्हणजे चष्म्याशिवायही आतले आकडे नीट वाचता येतात. फोटोशी त्याचा काही संबंध नाही. ते केवळ पाहणाऱ्याच्या सोयीचे. आमच्या स्टुडिओतल्या कॅमेऱ्याचे हे चाक वसंतात मध्यावर होते. शरदात ते उण्याच्या बाजूला सरकलेले दिसले. आज लेन्स पुसताना पाहिले तर ते त्या बाजूच्या टोकाला जाऊन अडकले होते. पुढे फिरायला जागाच उरली नव्हती.

हा कॅमेरा माझ्याशिवाय एकच माणूस वापरतो, माझ्या सासूबाई. बुरुल अपा.

कोचकोर गावच्या बाजाराजवळचा हा स्टुडिओ त्यांनी फिल्मच्या रोलच्या काळात उघडला. मी शाळेत पदार्थविज्ञान शिकवते आणि दुपारनंतर इथे येते. लेन्समधले छिद्र, शटर आणि सेन्सर यांचे गणित मला पुस्तकातून येत होते. बर्फावर कॅमेऱ्याचे ऐकायचे नाही, तो सांगतो त्याहून जास्त प्रकाश द्यायचा, नाहीतर बर्फ राखेसारखा येतो, हे मात्र अपांनी शिकवले.

नारिन शहरातल्या डॉक्टरांनी त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला होता. उजव्यात जास्त, आणि ऑपरेशन लवकर केलेले बरे, असेही. अपा म्हणाल्या, लग्नसराई सरू दे. मग म्हणाल्या, गवत कापून होऊ दे. मग मेंढ्या व्यायच्या होत्या. माझा नवरा फार मागे लागला तर त्या भिंतीवरच्या फोटोंकडे बोट दाखवत, "यातला एक तरी पुसट आहे का, सांग."

एकही नव्हता. स्पष्टता साधण्याचे काम आता कॅमेराच करत होता. तो त्यांना सांभाळून घेत होता. आणि सासूच्या डोळ्यांविषयी सासूलाच सांगणे आमच्याकडे सुनेला शोभत नाही.

मी चाकावरचा अंगठा काढला तेवढ्यात ओमुरकुल आजोबा आत आले. वरच्या आळीत राहतात. त्यांच्या सत्तरीच्या सोहळ्याचे फोटो अपांनीच काढले होते. त्यातला एक त्यांनी टेबलावर ठेवला.

"बुरुल, ही टोपी कुणाची?"

"तुझी. तुझ्याच डोक्यावर आहे."

"माझी पांढरी आहे. बायकोनं स्वतः लोकरीचा नमदा लाटून केलेली. ही निळी आहे. लोक विचारतात, ओमुरकुल, म्हातारपणी कुठल्या पक्षात शिरलास?"

अपांनी फोटो नाकाजवळ नेला. "पांढरीच तर आहे."

आजोबांनी डोक्यावरची उंच टोपी काढून फोटोशेजारी धरली. अपा त्या दोन्हींकडे पाहत राहिल्या.

"मशीन म्हातारं झालंय," त्या शेवटी म्हणाल्या.

"मशीनच ना?" आजोबा बसले. "शनिवारी नातीचं लग्न आहे. तिच्या आजीचा पांढरा फेटा निळा आला तर मला घरात कुणी घेणार नाही. तुला जमत नसेल तर सांग, बिश्केकचा फोटोवाला पोरगा बोलावतो. राग मानू नकोस."

"राग कसला? चहा घे."

अपांनी किटली उचलली. दुधाचा चहा, पांढरा पियाला. त्या ओतत राहिल्या. थांबल्या तेव्हा चहा काठाला लागला होता. आमच्याकडे पाहुण्याला घोटघोटच ओततात; काठोकाठ पियाला म्हणजे 'आता निघा'.

आजोबांनी पियाल्याकडे पाहिले आणि टोपी डोक्यावर चढवली. "बरं, निघतो. नुसतं तोंडानं सांगितलं असतंस तरी उठलो असतो."

"अरे, तसं नाही—"

"गंमत केली, बस. घोटभर ओतायच्या ऐवजी पियाला भरून देण्याइतका मी अजून कुणाला नकोसा झालो नाही." तरी ते उठलेच. दारात वळून म्हणाले, "टोपी मशीनला दाखवायला ठेवून गेलो असतो, पण आपली टोपी दुसऱ्याकडे सोडू नये म्हणतात."

दार लागले. अपांनी सांडलेला थेंब बाहीने पुसला.

"कॅमेरा बिश्केकला पाठव. सेन्सर गेला असेल."

"पाठवू. पण आधी बिघाड कुठल्या भागात आहे ते ठरवू या का? तुम्हीच म्हणता, न तपासता खोलू नये."

स्टुलावर पांढऱ्या नमद्याचा तुकडा होता. तो खिडकीत ठेवून मी फोटो काढला आणि संगणकावर घेतला. नमदा पडद्याशेजारी ठेवला. "आता फोटोचा रंग याच्यासारखा लावा."

अपांनी पडद्यावरची रंगाची पट्टी थोडी इकडे, थोडी तिकडे केली. बरोबर जमला. पडद्यावरचा नमदा आणि बाजूचा नमदा एकसारखे.

मी नमदा खणात टाकला आणि तोच फोटो मुळापासून पुन्हा उघडला. "आता आठवणीनं लावा. रोज गिऱ्हाइकं गेल्यावर लावता तसा."

त्यांनी पट्टी ओढली, आणखी ओढली. "हं. हा पांढरा."

मी खणातून नमदा काढून पडद्याला टेकवला. पडद्यावर पहाटेच्या सावलीतल्या बर्फाचा निळा होता.

"फोटो तोच?"

"तोच."

"संगणक?"

"तोच. मधे कशालाच हात लावला नाही."

नमदा समोर असताना नमदा आणि पडदा दोन्ही त्यांना मोतीबिंदूच्या एकाच पिवळ्या काचेतून दिसत होते. त्यामुळे चूक दोन्हीकडे सारखी होती आणि दिसत नव्हती. नमदा नजरेआड झाला की उरायची ती पांढऱ्याची आठवण, आणि ती अजून स्वच्छ होती. तिला गाठायला त्या फोटो निळा करत होत्या. हे मी बोलून दाखवले नाही. एवढेच म्हणाले, "एकेक डोळा झाकून नमदा बघा."

त्यांनी उजवा झाकला. मग डावा. मग पुन्हा, भराभर.

"डाव्यानं दूध," त्या म्हणाल्या. "उजव्यानं लोणी."

कॅमेरा उचलून त्यांनी उजव्या डोळ्याला लावला. अंगठा सवयीने चाकावर गेला. चाक हलले नाही.

"तुला ठाऊक होतं."

"हो."

"आणि बोलली नाहीस. शाळेत तर मास्तरीणबाई फार बोलतात म्हणे."

"शाळेत सासू नसते."

त्या हसल्या नाहीत, पण ओठाचा कोपरा हलला. कॅमेरा मांडीवर घेऊन त्या बसल्या.

"या खोऱ्यातल्या आजीला, आईला आणि मुलीला मी याच डोळ्यानं पाहिलंय, चिनारा. त्यात दुसऱ्याची काच बसवली तर जे दिसेल ते माझं असेल का?"

"या कॅमेऱ्याची लेन्स तुम्ही दोनदा बदललीत. म्हणून फोटो दुकानदाराचे झाले नाहीत. डोळ्याचा मागचा पडदा डॉक्टरांनी तपासलाय, तो चांगला आहे. पुढची काच तेवढी गढूळ झालीय."

"मला कॅमेरा शिकवू नकोस."

"नाही शिकवत."

त्यांनी लेन्सवर झाकण बसवले आणि कॅमेरा माझ्यासमोर ठेवला. "शनिवारी तू काढ. मी शेजारी उभी राहून लोकांना हनुवटी वर करायला लावते, ते काही तुला जमत नाही. आणि रंग नमदा समोर ठेवूनच लावायचे. ओमुरकुलला सांग, बिश्केकच्या पोराला त्रास देऊ नकोस."

मग त्यांनी माझा पियाला पुढे ओढला. एक बोट काठावर टेकवून हळूहळू ओतू लागल्या. चहा बोटाला लागला तरी थांबल्या नाहीत.

"अपा, भरला."

"मुद्दाम भरलाय. ऊठ. नारिनला फोन लाव आणि सांग, बुरुल ऑपरेशन करून घेणार आहे. उजवा डोळा आधी."