कैफियत साखर धरलेल्या मधाची

एका कुत्रीला एकाच दुपारी दोन जखमा झाल्या. एक खांद्यावर, दुसरी पुढच्या उजव्या पायाच्या बोटांत. दोन्ही जखमांवर एकाच बाटलीतला मध एकाच हाताने लावला गेला. खांद्याची जखम भरून आली. पायाची जखम वरून मिटायची, काही दिवस गप्प राहायची आणि पुन्हा फुटायची.

तो मध म्हणजे मी.

मी जुना मध आहे, मित्रांनो, गेल्या वैशाखातला. आपली कहाणी सांगणारे बहुतेक जण अखेरीस सहानुभूती मागतात. मला ती नको. माझ्यावर आरोप झाले, ते चारचौघांत झाले, आणि त्यांतला एकही पुराव्यावर उभा नव्हता. एवढेच मला सांगायचे आहे.

लोहगडाच्या उतारावर एका हिरड्याच्या ढोलीत सातेरी जातीच्या मधमाश्यांनी मला घडवले. ‘घडवले’ हा शब्द मी जाणून वापरतो. फुलांत असतो तो पातळ, पाणीदार रस; तो मी नव्हे. माश्यांनी तो रस पोटातल्या पिशवीतून आणला, त्यात आपला पाचकरस मिसळला, एकमेकींच्या तोंडी दिला आणि रात्रंदिवस पंखांनी वारा घालून त्यातले पाणी उडवले. जांभळीचा आणि हिरड्याचा फुलोरा त्यात होता, म्हणून माझी चव शेवटी किंचित तुरट लागते. गोडाची सवय असलेल्यांना ती आवडत नाही. त्याला माझा इलाज नाही.

खालच्या वाडीतल्या नवसूने मला ढोलीतून काढले. त्याने थोडासाच धूर दिला, मधाचा भाग तेवढा कापला आणि अळ्यांचे पोळे जागेवर ठेवले. त्याची थोरली बहीण बाया हिने मला धुतलेल्या फडक्यात बांधून टांगले. तिने पोळे पिळले नाही. जेवढा आपण होऊन ठिबकला तेवढाच मध बाटल्यांत भरला. लोहगडवाडीत, गडाकडे जाणारी वाट जिथून सुटते तिथे, बायाची फळकुटाची टपरी आहे. मी त्या फळकुटावर येऊन बसलो. फळकुटाखालच्या सावलीत हरणी बसे. हरणी ही बायाची तांबूस, लांब पायांची कुत्री. दिवसा टपरी राखायची, संध्याकाळी बायाच्या शेळ्या घरी आणायच्या, अशी तिची दुहेरी नोकरी होती.

पावसाळ्यात माझे बरे चालले. ट्रेकला आलेली मंडळी मला उन्हाकडे धरून पाहत आणि माझ्या रंगाची तारीफ करीत. बाया प्रत्येकाला न चुकता सांगे, “खायाला बी चालतंय आन् जखमंवर बी. आमच्या हरणीचा कान फाटलावता, ह्यानंच भरला.” हरणी तेवढ्यापुरता कान हलवी.

मग थंडी पडली आणि मी साखर धरली. तळाशी रव्यासारखे कण आले आणि हळूहळू अर्धी बाटली पांढुरकी झाली. एका रविवारी पुण्याहून आलेल्या एका चष्मेवाल्या तरुणाने मला हलवून पाहिले आणि मित्रांना दाखवले.

“हे बघा, साखर खाली बसलीय. पाक आहे नुसता. मावशी, निदान नीट विरघळवायची तरी!”

“साकर न्हाई ती, दादा. थंडीनं गोठतोय मध. आमी काय त्यात घालत न्हाई.”

“सगळे असंच म्हणतात.”

“मग सगळे खरंच म्हनत असतील,” बाया म्हणाली आणि बाटली त्याच्या हातातून काढून घेतली.

पहिला आरोप तो हा. त्याचे उत्तर मीच देतो. माझ्यात दोन प्रकारच्या साखरा असतात. त्यांतली ग्लुकोज नावाची साखर थंडीत स्फटिक होऊन बाहेर पडते. काही अस्सल मध वर्षभर पातळ राहतात आणि काही महिन्याभरात थिजतात. भेसळीचा मधही थिजू शकतो. म्हणजे साखर धरणे हा खोटेपणाचा पुरावा नाही आणि खरेपणाचाही नाही. शेजारच्या टपऱ्यांवर मात्र बाटल्या गरम पाण्यात ठेवून मध पातळ करू लागले. फार तापवले की माझ्यातला एक नाजूक पाचकरस मरतो. बायाला पाचकरस माहीत नव्हता. ती फक्त म्हणाली, “गिऱ्हाईक फसतंय म्हून मी कशापायी फसवू?” आणि मला होता तसाच ठेवला.

त्याच सुमारास ती दुपार आली. हरणी रानडुकराच्या मागे वाळल्या गवतातून धावली आणि परतताना एका फार्महाऊसच्या काटेरी तारेत अडकली. बायाने तिला तारेतून सोडवले. खांद्याचे कातडे फाटले होते आणि पुढच्या उजव्या पायाच्या बोटांतून रक्त येत होते. बायाने दोन्ही जखमा उकळून निववलेल्या पाण्याने धुतल्या आणि मला बोटाने लावले.

मी जखमेवर काय करतो ते सरळ सांगतो, कारण त्यात जादू नाही. माझ्यात पाणी फार थोडे असते, म्हणून मी जंतूंच्या अंगातले पाणी ओढून घेतो. मी आंबटसर असतो. तेही त्यांना मानवत नाही. आणि तो नाजूक पाचकरस जखमेच्या ओलाव्यात हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतो, अगदी थोडे थोडे, पण बराच वेळ. खांद्यावर मी हे केले. पायावरही हेच केले. खांदा भरला; पायाची जखम मात्र मिटून पुन्हा फुटली.

हरणी पाय चाटू लागली. अर्थात माझ्यासकट. त्यावर दुसरा आरोप झाला, आणि तो शेजारून आला. ताक-भजीची टपरी चालवणाऱ्या झुंबरबाईने कढईवरून मान वर करून सर्वांना ऐकू जाईल असे म्हटले, “आगं बाया, खऱ्या मधाला कुत्रं तोंड लावत न्हाई. आमच्या म्हाताऱ्याचं बोलनं हाय. तुजी हरणी तर बोटं चाटून खाती!”

“माझी कुत्री हुशार हाय, मावशी. तुमच्या भज्याला तोंड लावत न्हाई, त्येचं काय म्हननं मग?”

भोवतीची माणसे हसली, पण गिऱ्हाईक गेले ते झुंबरबाईकडेच. कुत्रा खरा मध खात नाही, ही समजूत दूरवर पसरलेली आहे. ज्याने ती पसरवली त्याने कुत्र्यापुढे मध ठेवून पाहिला नसावा. कुत्र्याला गोड कळते आणि गोड आवडते. हरणी मला चाटत होती, कारण मी गोड होतो. यापलीकडे त्यात काही नाही.

आता हरणीचा पाय केवळ हरणीचा राहिला नव्हता. ती गडाच्या वाटेवर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत लंगडत होती, आणि तिच्या डोक्यावरच्या फळकुटावरून बाया सांगत होती की हा मध जखमेवर चालतो. पाय गेला असता, तर बायाच्या शब्दाला त्या वाटेवर पुन्हा कुणी विचारले नसते.

नवसूने त्यावर दोन उपाय काढले. पहिला बायाला रुचला नाही.

“आक्का, हरणीला घरी बांधून ठिव. गिऱ्हाईक बघतंय.”

“बघू दे. खांदा भरला त्यो बी बघू दे, पाय न्हाई भरला त्यो बी बघू दे. लपवाया मी काय चोरी केली?”

दुसरा उपाय तिने ऐकला. नवसूने पोळ्याचे मेण वितळवले, ते कोमट झाल्यावर पायाच्या जखमेवर मला लावले आणि वरून मेण थापले. “माश्या न्हाई का झाकान घालत? तसंच. आता चाटती कशी बघू!”

हरणीला खरेच चाटता आले नाही. काही दिवसांनी बरेचसे मेण निघाले तेव्हा खाली गुलाबी कातडे आले होते. बाया त्या सकाळी झुंबरबाईला हाताला धरून ते दाखवायला घेऊन आली. झुंबरबाईने मान डोलावली. पण त्याच आठवड्यात पाय पुन्हा सुजला, बोटांच्या बेचक्यात फोड आला आणि फुटला. या वेळी सूज वर मनगटापर्यंत चढली. हरणीने भाकरी सोडली. शेळ्या आणायला ती उठलीच नाही.

नवसूची नक्कल अर्धी बरोबर होती, आणि अर्धी बरोबर नक्कल फार महाग पडते. मेणाचे झाकण माश्या पिकलेल्या मधावर घालतात. पोळ्यात काही मेले किंवा सडू लागले, तर सातेरी माश्या ते झाकत नाहीत. ओढून दाराबाहेर टाकतात. पायातला पू बाहेर यायची वाट शोधत होता आणि ती वाट मेणाने बुजली होती.

तिसरा आरोप कुणी मोठ्याने केला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बायाने माझी बाटली उचलली, उघडली आणि वास घेतला. मित्रांनो, पुण्याच्या तरुणाचे मला काही वाटले नव्हते. बायाने वास घेतला त्याचे वाटले.

त्याच दिवशी पशुवैद्यक डॉक्टर सुषमा वाडीत आल्या. त्या गुरांना लाळ-खुरकुताची लस टोचायला बर्फाची पेटी घेऊन येतात. काम आटोपून त्या झुंबरबाईकडे चहाला थांबल्या, तेव्हा बाया हरणीला दोन्ही हातांवर उचलून त्यांच्यासमोर उभी राहिली.

“डॉक्टरबाई, आदी हिचा पाय बगा. मग सांगा, माझा मध खोटा हाय का.”

डॉक्टरांनी चहा बाजूला ठेवला. “मध खरा की खोटा ते मला चव घेऊन सांगता येणार नाही. त्याला प्रयोगशाळा लागते. ही खांद्यावरची खूण कसली?”

“तारंची. त्याच दिशी झाली. त्याच मधानं भरली.”

“त्याच बाटलीतल्या?”

“हीच की बाटली. दुसरी फोडलीच न्हाई.”

“मग भांडताय कशाला मधावरून? मध एकच आणि निकाल दोन. फरक मधात नाही, जखमेत आहे.” त्यांनी हरणीचा पाय उजेडाकडे वळवला. “पायाला तार लागताना तुम्ही पाहिलीत?”

“खांद्याला रुतलेली मी सोडवली. पायाची... न्हाई बा. रगत दिसलं, म्हनलं ती बी तारंचीच.”

“मेण कुणी लावलं?”

बायामागे उभ्या असलेल्या नवसूने वर पाहिले नाही. “म्या.”

“छान लावलंयस. आता कधी लावू नकोस.”

त्यांनी हरणीचे तोंड पट्टीने बांधले, सुन्न करणारी सुई दिली, केस कापले, मेणाचा उरलेला थर काढला आणि बेचक्यातले छिद्र थोडे रुंद केले. आधी पू आला. मग त्यांनी बारीक चिमटा आत घातला, आणि तो कुणालाही वाटला नव्हता इतका आत गेला. चिमटा बाहेर आला तेव्हा त्याच्या टोकाला काळपट, टोकदार काहीतरी होते. डॉक्टरांनी ते बायाच्या तळहातावर ठेवले. झुंबरबाई झारा हातात घेऊनच पाहायला आली.

“कुसळ व्हय! मी म्हनतच हुते, आत कायतरी हाय.”

“मावशी, तुमी म्हनत हुता मध खोटा हाय,” बाया म्हणाली.

“त्ये बी म्हनत हुते,” झुंबरबाई म्हणाली आणि कढईकडे परत गेली.

डॉक्टरांनी जखम धुतली, उघडीच ठेवली, इंजेक्शन दिले आणि गोळ्या दिल्या. बाया अजून अडून उभी होती. “म्हंजी आता मध लावायचा न्हाई?”

“आज नाही. दवाखान्यातला मध निर्जंतुक केलेला असतो, तुमचा तसा नाही. खरचटलं, वरवर फाटलं, तर धुऊन पातळ थर लावा, वर स्वच्छ पट्टी बांधा, रोज बदला आणि चाटू देऊ नका. खोल जखम, पू, सूज किंवा मिटून पुन्हा फुटणारी जखम दिसली, तर बाटली नंतर, फोन आधी.”

“आन् गिऱ्हाइकाला काय सांगू?”

“जे झालं ते.”

बायाने फुटक्या प्लास्टिकच्या बादलीचे बूड कापून ती बादली हरणीच्या गळ्यात अडकवली, म्हणजे तिचे तोंड पायापर्यंत पोचेना. तशा थाटात तिला टपरीसमोरच बसवले. लोक हसले आणि फोटो काढले. प्रत्येकाला बायाने आधी खांदा दाखवला, मग पाय दाखवला, मग दोन्हींची हकीकत सांगितली. काहींनी मला विकत घेतले, काहींनी नाही. साखर धरलेल्या स्थितीतच मी फळकुटावर राहिलो.

मित्रांनो, मला अमृत म्हणू नका. तो माझ्यावर लादलेला बोजा आहे. मला पाकही म्हणू नका; तो माझा अपमान आहे. मुक्या जनावराची जखम एकाच जागी पुन्हा पुन्हा फुटू लागली, तर वर काय लावले यावर वाद घालण्याआधी आत काय राहिले ते जाणत्या माणसाकडून पाहून घ्या.

हरणीच्या पायात जे राहिले होते ते असे. खांद्याची जखम तारेची होती आणि ती भरली. पायाची जखम तारेची नव्हतीच. वाळल्या गवतातून धावताना एक कुसळ बोटांच्या बेचक्यात घुसले. कुसळाच्या टोकामागचे ताठ केस उलट्या दिशेचे असतात. त्यामुळे ते पुढे सरकते, मागे येत नाही. वर कातडे येत होते तेव्हाही ते आतच होते. ते काढले, आणि पाय बरा झाला.