ऐंशी अंश होईपर्यंत

दीपमालाचं लग्न तळ्यातल्या पाण्याच्या तापमानावर अडलं होतं. असं लग्न सगळ्या औसा तालुक्यात दुसरं नसेल. सुपारी फुटली होती. मुलगा अहमदपूरचा, नोकरीवाला. पण ती नांदेडला एमएस्सी करत होती आणि सरांनी तिला प्रयोग दिला होता. म्हणून तिच्या वडिलांनी, व्यंकटरावांनी, पाहुण्यांना शब्द दिला, "तळ्याचं काम सरू द्या. मग लगेच बार उडवू."

तळं त्यांच्याच शेतात, काळा प्लास्टिकचा कागद अंथरलेलं. तळाशी मिठाचं दाट पाणी, वर गोडं, मधे वर जाईल तसं कमी खारट होत जाणारं. ऊन तळापर्यंत पोचायचं नि तिथलं पाणी तापायचं. एरवी तापलेलं पाणी वर येतं आणि निवतं. हे मिठाच्या वजनानं खालीच बसायचं. ढवळायचं तेवढं नाही. तळाशी ऐंशी अंश भरले की प्रयोग संपला, असं सरांनी लिहून दिलं होतं.

व्यंकटराव रोज सकाळी स्वतः मीटरवरचा आकडा बघायचे. पोरीवर विश्वास नव्हता असं नाही, घाई होती. एकाहत्तर. चौऱ्याहत्तर. तळं छान साधलं म्हणून सर फोनवर कौतुक करायचे आणि दीपमाला ऐंशीला किती उरले ते बोटांवर मोजायची. तिला हे लग्न नको होतं, पुढं शिकायचं होतं. तिनं दोनदा सांगून पाहिलं. वडिलांनी ऐकून घेतलं नि जेवायला बसले.

एकोणऐंशी झाले त्या दुपारी व्यंकटराव औशाच्या बाजारात गेले. दीपमालानं पंपाचा पाईप तळाशी सोडला, दुसरं टोक वरच्या पाण्यात ठेवलं नि मोटार चालू केली. दोन तासांत सगळं पाणी एक झालं. चार महिन्यांची मेहनत स्वतःच्या हातानं मातीत घातली म्हणून ती रडली, पण जीव हलका झाला. आता पुन्हा थर लावायचे, म्हणजे पुन्हा चार महिने.

संध्याकाळी वडिलांनी आकडा बघितला. एक्कावन्न.

"थर मोडले, अण्णा," ती म्हणाली. "पुन्हा पहिल्यापासून करावं लागंल."

"कशाला?" त्यांचा आवाज फार मायेचा होता. "न्हाई साधलं तर न्हाई. लई केलंस तू. जिवाला लावून घेऊ नको, बाई. काम सरलं समज."

आणि तिथंच बांधावर बसून त्यांनी अहमदपूरला फोन लावला.