दोन दात गमावलेली फणी

मित्रांनो, हरणाच्या शिंगातून घडलेली मी एक जुनी फणी. राणी बेर्तेसिंद लग्न होऊन फ्रँकांच्या राजघरात आली, तेव्हा तिच्या पेटीत मी होते.

त्या घरात मुलाच्या केसांना जन्मापासून कात्री लागत नसे. केस कापले की गादीवरचा हक्क गेला. म्हणून धाकट्या मुलाचे, इंगोमारचे केस राणी स्वतः विंचरी. थोरली लेक रोथेल्द शेजारी बसून आपल्या पाळीची वाट बघे.

पुढे राजा वारला. पोराला मुंडून मठात धाडायला टपलेले नातेवाईक कमी नव्हते. पण शेजारच्या राज्याचा राजा आदाल्गार हा त्याचा सख्खा काका, आणि निपुत्रिक. तो सरदारांसमोर इंगोमारला मुलगा मानणार होता. नेमक्या त्याच दिवशी सकाळी इंगोमार पाईनच्या झाडावर चढला आणि केस डिंकाने माखून परतला.

दासी मोदाने कात्री उचलली. "राणीसाहेब, एवढीशी तर बट आहे. कुणाला कळणार?"

"त्याच्या काकाला कळेल. ठेव ती खाली. लोणी आण, कोमट करून."

रोथेल्दने भावाचे डोके मांडीवर घेतले. राणी एकेक केस सोडवू लागली.

"आई, दुखतंय."

"दुखणारच. झाडावर कोण चढलं होतं, मी?"

"राजाने झाडावर चढायचं नसतं का?"

"चढ की. आधी राजा तर हो."

माझे दोन दात मोडले. राणीचा हात थांबला नाही.

दुपारी आदाल्गारने पोराच्या केसांतून शेंड्यापर्यंत हात फिरवला. "वहिनी, याच्या डोक्याला लोण्याचा वास येतोय."

"सणाचा दिवस आहे, भावोजी."

तो हसला. इंगोमारला त्याने आपल्या आसनावर बसवले आणि वारस केल्याची खूण म्हणून हाती भाला दिला.

पुढे घरात हस्तिदंती फण्या आल्या. मी पेटीच्या तळाशी गेले.

राणी वारली त्या दिवशी रोथेल्दने मला शोधून काढले. आईचे केस आता थोडेच उरले होते, तरी विंचरताना तिने घाई केली नाही. मग रीतीप्रमाणे मला थडग्यात तिच्या उशाशी ठेवले.

मित्रांनो, मी अजून तिथेच आहे. माझ्या दातांत एक पांढरा केस अडकला आहे. रोथेल्दने तो पाहिला होता, पण काढला नाही. तुमच्या घरी अशी कुणाची फणी मागे राहिली असेल, तर ती इतक्यात धुऊ नका.