रंगूबाईची काठी अलेप्पीला जाऊन आली

मी रंगूबाईची काठी बोलतेय. आणि आधीच सांगून ठेवते, मला कुणी आधाराची काठी म्हणायचं नाही. मी शेरडं राखणारी काठी आहे.

माझा जन्म कापडे गावाच्या वरच्या डोंगरात, चिव्याच्या बेटात झाला. चिवा म्हणजे भरीव बांबू. पोकळपणा आमच्या घराण्यात नाही. रंगूबाईच्या नवऱ्याने, महिपतीने, मला तोडलं, विस्तवावर शेकून सरळ केलं, तेल पाजलं आणि लग्नाच्या पहिल्याच वर्षी बायकोच्या हातात दिलं. महिपती जाऊन बारा वर्षं झाली. मी आहे.

आमच्या वाडीत एक रीत आहे. शेरडं थांबवायची असली की काठी आडवी टाकायची. करडू असल्यापासून त्यांना शिकवलेलं असतं, आडवी काठी ओलांडायची नाही. माणसांनाही तेच. आणि ज्यानं टाकली त्यानंच ती उचलायची. रंगूबाईचा मुलगा सूरज रांगता होता तेव्हा ती मला दारात टाकून पाण्याला जायची. पोरगं माझ्यापाशी येऊन बसायचं, पण पलीकडे जायचं नाही.

हाच सूरज आता महाडच्या एमआयडीसीत नोकरीला आहे. तिथेच ब्लॉक घेतलाय. गेल्या पावसात रंगूबाई उतारावर घसरली, मनगट मोडलं, तेव्हापासून त्याने धोशा लावला. "आये, पुरे झाली शेरडं. चल माझ्याकडं." ती ऐकेना. मग त्याने आमिष काढलं. "तुला केरळात नेतो, अलेप्पीला. गावभर कालवे हायत, बोटी हायत, समुद्र हाय. जल्मात समुद्र बघितला नायस तू. पन आल्यावर शेरडं तय्यबभायला इकायची."

रंगूबाई "बघू" म्हणाली. सूरजने ते "हो" धरलं, तिथेच तो चुकला.

तिच्यासाठी त्याने घडीची काठी आणली, ॲल्युमिनियमची, खाली रबर. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "ही आता चुलीत घाल." ऐकलंत? ज्या काठीपाशी बसून हा मोठा झाला, तिला चुलीत!  निघताना रंगूबाईने शेरडं शेजारच्या गौतमीकडे सोपवली, नवी काठी पिशवीत कोंबली आणि मला हातात घेतलं. कशेडी घाट उतरून आम्ही खेडला रेल्वेत बसलो.

अलेप्पी मला आवडली, खोटं कशाला बोलू. ऊन आमच्यासारखंच, पण घाई कुणाला नाही. आपल्या दारासमोर रस्ता असतो तसा तिथे कालवा. बाया पायरीवर बसून भांडी घासतात, माणसं बोटीतून बाजाराला जातात. सूरज सारखा फोटो काढत होता. रंगूबाई मात्र समुद्रावर मला वाळूत रोवून दुपार कलेपर्यंत नुसती बसून राहिली. शेवटी बोटं पाण्यात बुडवून तिने चव घेतली आणि म्हणाली, "एवढं पानी रे, आनि शेरडाला पाजायला थेंब नाय."

तिसऱ्या दिवशी सकाळी कालव्याच्या बांधावरून चालत होतो. समोरून पाण्यातून बदकं आली. पाच-सात नव्हे, शेकड्यांनी. मागे होडीत त्यांचा राखणारा, एक म्हातारा, हातात लांब काठी. तिकडे बदकंही कळपाने चारतात, हे आम्हाला काय ठाऊक! इतक्यात मोटारसायकलचा हॉर्न वाजला, कळप बिथरला आणि अर्धी बदकं बांध चढून रस्त्याकडे सुटली. म्हातारा होडीतून ओरडायला लागला.

रंगूबाईला काय, कळप दिसला की झालं. ती धावली आणि तिने मला रस्त्यात आडवं टाकलं.

काय सांगू तुम्हाला! थांबायचं सोडून ती बदकं माझ्यावरूनच चालत गेली. ओले, चपटे, थपथप पाय. एकाने तर माझ्यावर उभं राहून घाण केली. चाळीस वर्षांत असा अपमान झाला नव्हता. सूरज पोट धरून हसत होता. "आये, ती शेरडं नायत गो!"

म्हातारा काठाला लागला. भाषा कळत नव्हती. त्याने आपल्या काठीच्या टोकाला बांधलेलं फडकं दाखवलं, डोक्याच्या पंचाची चिंधी फाडून माझ्या टोकाला बांधली आणि हातानेच सांगितलं, टाकू नकोस, हलव, सावकाश. मग दोघं दोन बाजूंनी चिंध्या हलवत गेले आणि कळप वळून मुकाट पाण्यात उतरला. म्हाताऱ्याने हात जोडले.

रंगूबाई सूरजला म्हणाली, "हा माझ्यापेक्षा म्हातारा हाय. याला कोन ब्लॉकमदी नेऊन ठेवत नाय काय रे?" सूरजचं हसू तिथेच थांबलं.

परत आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी तय्यबभाईंचा टेम्पो वाडीखाली येऊन उभा राहिला. ते महाडचे शेरडांचे जुने व्यापारी, माणूस सरळ. सूरजने गोठ्याचं दार उघडलं. आमची एकवीस शेरडं उठून पुढे आली, आणि रंगूबाईने मला दारात आडवं टाकलं.

शेरडं जागच्या जागी थांबली. बघा म्हटलं, बदकांनो!

"आये, उचल गो काठी."

"मी टाकलीय. मी उचलीन तवा."

"परत पडशील. मी तिकडं कामावर. कोन बघनार तुला?"  काळजी खोटी नव्हती त्याची. मलाही वाईट वाटलं.

"पडले तर पडले," रंगूबाई म्हणाली. "पन बसून नाय मरनार मी. अलेप्पी दावलीस, लई बरं वाटलं. त्या म्हाताऱ्यासारखं ऱ्हायचं हाय मला."

सूरजने पाय उचलला. आत शिरून शेरडं मागून हाकलायची होती त्याला. पाय माझ्या वर आला. त्याच्या बुटाचा तळ मला दिसत होता. चाळिशीला टेकलेला बाप्या, एक पाऊल टाकलं असतं की संपलं होतं सगळं.

पाय मागे गेला. सूरज खाली बसला, माझ्या अलीकडे, रांगता असताना बसायचा तसाच.

गोठ्यापर्यंत वर आलेले तय्यबभाई म्हणाले, "मी जातो. मावशीची काठी ओलांडून मला शेरडं नकोत."

टेम्पो गेल्यावर सूरजने विचारलं, "कवा उचलशील?"

"उद्या सकाळी. चरायला नेताना."

चिंधी अजून माझ्या टोकाला आहे. घडीची काठी कोंबड्यांच्या खुराड्याला अडसर म्हणून लावलीय, तिचंही बरं चाललंय. सूरज दर रविवारी येतो, आईच्या गळ्यात मोबाइल अडकवला आहे की नाही ते बघतो आणि माझ्याकडे बघायचं टाळतो.

तुमच्या घरातही कुणाच्या हातातली काठी काढून घ्यायची असेल, तर माझं एवढंच सांगणं आहे. आधी त्या माणसाला ती दारात आडवी टाकू द्या. तुम्हाला ओलांडवली, तर खुशाल न्या.