विठाबाईचा पहिला दिवस

"माय, उजेड चमकला की बटन दाब. डोकं हालवू नको," दीपमाला पुन्हा म्हणाली.

"मी काय लहान लेकरू आहो का?" नजर तपासायच्या यंत्रावर हनुवटी टेकवून विठाबाई म्हणाली आणि बटन दाबू लागली.

आज तिला आभाळ ठेंगणं झालं होतं. तलमडुगू गावच्या बुद्धविहारात आषाढी पौर्णिमेपासून वर्षावासाचं ग्रंथवाचन सुरू होणार होतं आणि पहिल्या दिवशी वाचायचा मान यंदा तिचा होता. पन्नाशीत आपल्या शिक्षिका लेकीकडून अक्षरं शिकलेली बाई ती. उठताबसता सराव चालायचा. पण ओळीतला मधलाच शब्द गायब व्हायचा, म्हणून लेकीनं तिला आदिलाबादच्या दवाखान्यात आणलं होतं.

सांधेवातावर ती कित्येक वर्षं एकच गोळी घ्यायची. त्या गोळीनं आखडलेली बोटं मोकळी केली, म्हणून तिच्यावर विठाबाईचा भारी जीव. गोळी देणाऱ्या डॉक्टरांनी दर वर्षी डोळे तपासायला बजावलं होतं. ती जायचीही, पण गावातल्या चष्म्याच्या शिबिरात. तिथला अक्षरांचा तक्ता तेलुगू. मधलं दिसत नाही म्हटलं, तर आजीला तेलुगू येत नाही म्हणून सगळे हसले. सगळ्यात जास्त हसली ती विठाबाईच.

"किती मार्क पडले, बाई?" तिनं डॉक्टरीणबाईंना विचारलं.

बाईंनी कागद समोर धरला. नजरेच्या मध्याभोवती काळपट कडं उमटलं होतं. "गोळीनं डोळ्याच्या पडद्याला इजा झाली, आजी. गेलेलं परत येणार नाही. ही तपासणी दर वर्षी झाली असती, तर आधीच सापडलं असतं. तुमच्या डॉक्टरांशी बोलून गोळी बदलू. उरलेलं बहुतेक टिकेल."

विठाबाईनं कागदाची घडी करून पिशवीत ठेवली.

"उरलेलं हाये न? मंग वाचनाले पुरते. चल, दीपे, बस सुटंल."

पौर्णिमेला विहार गच्च भरला. पांढरं लुगडं नेसलेली विठाबाई ठणठणीत आवाजात वाचत होती. लेकीला तिचा इतका अभिमान वाटत होता की डोळे भरून येत होते. तेवढ्यात एका ओळीवर आवाज थांबला. दीपमाला शब्द सांगायला पुढे वाकली.

"सांगू नको," विठाबाई सगळ्यांसमोर म्हणाली. "शब्द तिथंच हाये. मी शोधून राह्यली."

तिनं ग्रंथ जरा बाजूला सरकवला, मान वळवून तिरकं पाहिलं आणि तो शब्द वाचला. मग पुढचा.